यल्लाप्पा हे नाव कुणाचं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी शाळेचं हजेरीपत्रक वाचायला घ्या. ओळीने नावं येतात: यल्लाप्पा, परशराम, कल्लाप्पा, रवळू, भरमा, सातेरी, नागाप्पा, मारुती, बसवंत, फकिरा, आक्काताई, गंगव्वा. पुण्या-मुंबईकडचा माणूस ही नावं ऐकतो आणि विचारतो, "तुम्ही मूळचे कानडी का?" इकडचा एखादा कन्नड कार्यकर्ता तीच नावं ऐकतो आणि म्हणतो, बघा, यांचे पणजे कन्नडच होते, मागाहून मराठी झाले. आपली माणसंही मागे नाहीत. समोरच्याच्या आडनावात शेवटी 'कर' दिसला की तो आपला, नावात 'गौडा' दिसला की परका, असा हिशेब चहाच्या गाड्यावर उभ्या उभ्या होतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून इथे गावांवर, शाळांवर, पाट्यांवर दावे झाले. त्या भांडणात माणसांची नावंही ओढली गेली, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

मला वाटतं, सीमाभागातलं नाव कुठल्याच बाजूची साक्ष देऊ शकत नाही. ही नावं दोन भाषांनी शेजारी राहून घडवली आहेत. ती लाजेने टाकून देणं आणि सरकारी कागदावर चुकीची लिहून घेणं, ही दोन्ही नुकसानं आपण मुकाट्याने सोसतो आहोत.

या नावांची घडण बघण्यासारखी आहे. पुढे देवाचं नाव, मागे नात्याचं. यल्लम्मा म्हणजे सगळ्यांची आई, असं कन्नड माणसं सांगतात. मराठी माणूस तिला रेणुका म्हणतो आणि तिच्या मुलाच्या नावाने आपल्या मुलाचं नाव परशराम ठेवतो. कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या गाड्या सौंदत्तीच्या डोंगरावर जातात, तिथे कुणी भाषा विचारत नाही. आपला खंडोबा तिकडे मैलार आहे, म्हणून इकडे मल्हारी आणि तिकडे मैलारप्पा. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांमुळे सिद्राम आणि सिद्धाप्पा दोन्ही बोलींत नांदतात. खानापूर-चंदगडच्या रानात रवळनाथ, म्हणून घरोघरी एक तरी रवळू. फकिराप्पा हे नाव तर हिंदूच्या घरात पिराच्या नवसाने आलेलं असतं. पंढरपूरच्या वाटेने विठ्ठल, पांडुरंग, पुंडलीक ही नावं धारवाड-विजापूरच्या कन्नड घरांत इतकी रुळली आहेत की तिथे ती कुणाला मराठी वाटत नाहीत. आणि ते बरोबरच आहे.

मागचं नातं त्याहून महत्त्वाचं. आप्पा म्हणजे बाप, अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अव्वा म्हणजे आई, अक्का म्हणजे थोरली बहीण. हे सगळे शब्द कन्नडमध्ये रोजच्या वापरातले आहेत, आणि आप्पा, अण्णा, अक्का हे तर महाराष्ट्राच्या कोपऱ्याकोपऱ्यातल्या घरांतही हाकेला वापरतात. १७३९ मध्ये वसई घेणारे चिमाजी आप्पा आपण अभिमानाने सांगतो, त्यातला आप्पा कुठून आला हे कुणी विचारत नाही. आप्पासाहेब म्हणताना निम्मा शब्द कन्नडकडचा आणि निम्मा अरबीकडचा असतो. आक्काताई या नावात तर कन्नड बहीण आणि मराठी बहीण एकमेकींना खेटून उभ्या आहेत. असं नाव कुणा पंडिताने ठरवून घडवलेलं नाही. ज्या घरात आजी एका बोलीतली आणि सून दुसऱ्या बोलीतली, त्या घरात ते आपोआप झालं. आणि तान्ह्या पोराला जन्मतःच बाप म्हणायचं, पोरीला आई म्हणायचं, ही रीत मला फार मोठ्या मनाची वाटते. ज्या काळात जुन्या दप्तरांत पंत आणि राव मोजक्याच घरांच्या वाट्याला येत आणि बाकीच्यांची नोंद धोंड्या, भिम्या अशी होई, त्या काळात हा आप्पा शेतकऱ्याच्या, धनगराच्या, विणकराच्या पोरालाही मिळत होता.

अर्थाकडे वळलं की सीमा आणखी पुसट होते. आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्या मुलाचं नाव धोंडू, दगडू, केरबा, उकिरडा असं ठेवायचे. मृत्यूची नजर त्याच्यावर जाऊ नये, त्याला ते टाकाऊ वाटावं, यासाठी. आता कन्नडकडे बघा. 'कल्लु' म्हणजे दगड. कल्लाप्पा हे नाव कलमेश्वर देवाचंही आहे आणि त्यात दगडही आहे. 'तिप्पे' म्हणजे उकिरडा, आणि तिप्पाण्णा हे नाव आजही चिकोडी-गोकाककडे ऐकू येतं. म्हणजे मराठीतला उकिरडा आणि कन्नडमधला तिप्पाण्णा एकाच भीतीतून जन्मले. तेलुगूतला पेंटय्या तोच, 'पेंट' म्हणजे शेणकचऱ्याचा ढीग. चीनच्या खेड्यांत मुलाला कुत्र्याच्या नावाने हाक मारत, भुताखेतांनी त्याला न्यायला नको म्हणून. मंगोलियात नेरगुई म्हणजे 'नाव नसलेला' आणि हुनबिश म्हणजे 'माणूस नसलेला' अशी नावं याच कारणासाठी देतात. बाळ जगावं म्हणून त्याचं नाव जाणूनबुजून हलकं ठेवणारी आई सगळीकडे एकच आहे. तिची भाषा कोणती, हा प्रश्न तिच्यापुढे फार लहान आहे.

जगात नाव ठेवण्याच्या तऱ्हा किती वेगळ्या! घानातल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव पडतं. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारी जन्मलेला क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारचे. बाली बेटावर पहिलं मूल वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, पाचव्याला पुन्हा वायान. तिथे नाव ऐकलं की घरातला क्रम कळतो. आपल्याकडे नावावरून देव कळतो, गाव कळतो, नवस कळतो. जात कळते, हेही खरं आहे. भाषा मात्र कळत नाही.

त्याचे पुरावे याच भागातून देता येतात. कर्मवीर भाऊराव पाटलांचं पूर्ण नाव भाऊराव पायगोंडा पाटील. १८८७ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या कुंभोजला जन्मलेल्या या माणसाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि बहुजनांच्या घरात मराठी शाळा नेली. त्यांच्या वडिलांच्या नावातला 'गोंडा' म्हणजे कन्नडचा गौड, गावचा प्रमुख, आपला पाटीलच. शिरोळपासून सदलग्यापर्यंत जैन घरांतून बाबगोंडा, पायगोंडा ही नावं अजून आहेत. म्हणून भाऊरावांच्या मराठीपणाला उणेपणा आला का? उलट बाजूने धारवाडचे बेंद्रे घ्या. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, घरची बोली मराठी, कन्नडचे सर्वांत मोठे आधुनिक कवी, १९७३ चे ज्ञानपीठ विजेते. ते कविता लिहीत 'अंबिकातनयदत्त' या नावाने, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. आईचं नाव पुढे लावायला महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी नियम केला. धारवाडच्या या कवीने ते कितीतरी आधी आपल्या मनाने केलं होतं. आणि कुमार गंधर्व? बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ मध्ये जन्मले, जन्मनाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. कन्नड घरातल्या या माणसाच्या गळ्यातून मराठी अभंग ऐकताना आपल्यापैकी कुणी त्यांच्या जन्मनावाची चौकशी करतं का?

आता आपल्या घरांत काय चाललं आहे ते बोलू. बारसं ठरलं की आत्या फोन उघडते. यादीत नाव, नावापुढे अर्थ, अर्थापुढे भाग्यांक. 'आरव'पुढे 'शांत' असं लिहिलेलं असतं. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका. 'रेयांश'चा अर्थ 'सूर्यकिरणाचा अंश' असा सांगतात, पण किरणासाठी 'रेय' असा संस्कृत शब्दच नाही. नाव कानाला गोड लागतं म्हणून ठेवावं, त्यात काही वावगं नाही. मूल त्यांचं, हक्क त्यांचा. पण अर्थासाठी म्हणून नाव निवडायचं आणि तो अर्थच बनावट निघावा, आणि त्यापायी आज्ज्याचं यल्लाप्पा हे नाव कुळातून कायमचं जावं, याचं मला वाईट वाटतं. पूर्वी नातवाला आज्ज्याचं नाव देत, मग सासऱ्याच्या नावाने पोराला हाक कशी मारायची म्हणून सुनेने त्याला बाळू म्हणायचं, असं घरोघरी होतं. त्यामुळे एकेक नाव पिढी सोडून पिढी टिकायचं. ती साखळी गेल्या वीस-तीस वर्षांत तुटली.

ती तुटण्याचं कारण फॅशन एवढंच नाही. कामासाठी पुण्याला गेलेल्या पोराला तिथे 'अय कल्लाप्पा' म्हणून चिडवतात. आपल्या सिनेमांनी आणि विनोदी कार्यक्रमांनी आप्पा-अण्णा नावांचा माणूस बहुधा हसण्यासाठीच उभा केला. दुसरीकडे आपल्या सीमा चळवळीतल्या तरुणांना कानडी वाटणारं नाव अडचणीचं वाटतं. मोर्चात पुढे उभ्या असलेल्या मुलाचं नाव बसवराज असेल तर त्याला दोन्हीकडून टोमणे. मग तो आपल्या मुलाचं नाव शिवराज ठेवतो. शिवराज सुंदर नाव आहे. पण ते बसवराजला लपवण्यासाठी ठेवलं गेलं असेल, तर आपण आपल्याच माणसावर अन्याय केला आहे.

जुनं ते सगळं टिकवा, असं मात्र मी म्हणणार नाही. साताऱ्यात २०११ मध्ये 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींना जिल्हा प्रशासनाने समारंभ करून नवी नावं दिली, ते योग्यच झालं. नको असलेली मुलगी म्हणून दिलेलं नाव कुणी का जपावं? धोंडू या नावात आईची काळजी होती, नकुशा या नावात मुलीबद्दलचा तिटकारा. दोघांना एका मापात तोलता येणार नाही. यल्लव्वा या नावाचंही तसंच. ज्या घरांतल्या पोरी देवीच्या नावाने सोडल्या गेल्या, १९८२ मध्ये कर्नाटकने देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केल्यानंतरही ज्यांनी ते भोगलं, त्या घराने देवीचं नाव टाकलं आणि मुलीचं नाव सुजाता ठेवलं, तर तिथे परंपरेचा उपदेश करायला कुणीही जाऊ नये. बाबासाहेबांच्या धर्मांतरानंतर सिद्धार्थ, गौतम, मिलिंद ही नावं ज्या वस्त्यांत आली, तिथे नाव बदलणं म्हणजे मान ताठ करणं होतं. माझं बोलणं त्यांच्यासाठी नाही. ज्यांना नावामुळे कसलीही इजा झालेली नाही, केवळ लोक काय म्हणतील म्हणून जे आज्ज्याचं नाव पुसतात, त्यांच्याशी मी बोलतो आहे.

सत्तेने नावांवर हात टाकल्याची उदाहरणं जगात कमी नाहीत. जपानने १९४० मध्ये कोरियन लोकांना जपानी धाटणीची नावं घ्यायला भाग पाडलं. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये बास्क आणि कातालान नावं नोंदवता येत नव्हती. बल्गेरियात १९८४-८५ च्या हिवाळ्यात लाखो तुर्की मुसलमानांची नावं पोलीस बंदोबस्तात बदलली गेली. तुर्कस्तानात कुर्दी नावांतली क्यू, डब्ल्यू, एक्स ही अक्षरं तुर्की वर्णमालेत नाहीत, म्हणून ती नावं कागदावर येऊ शकत नव्हती. अशी जबरदस्ती बेळगावात कुणी केलेली नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. यल्लाप्पाला बसाप्पा हो, असं कुठल्या सरकारने म्हटलेलं नाही. इथे जे होतं ते हळू होतं, आणि ते सरकारी कचेरीच्या खिडकीपलीकडच्या संगणकात होतं.

मुलीचं नाव सविता. मराठी माणूस रोमन अक्षरांत त साठी नुसता टी लिहितो. दक्षिणेत त साठी टीएच लिहायची पद्धत, म्हणून दाखल्यावर तिची सविथा होते. गणेशचा गणेशा होतो, कारण कन्नडमध्ये शेवटचा अ पूर्ण उच्चारतात. सगळ्यात हाल ज्ञानेश्वरचे. आपण त्याला डीएन लावून लिहितो, कर्नाटकात जेएन लावतात, उत्तरेकडचं सॉफ्टवेअर जीवाय लावतं. एकाच माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, जमिनीच्या उताऱ्यावर तिसरं. त्यात नाव लिहायची तऱ्हाही वेगळी. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. दक्षिण कर्नाटकात आधी गाव किंवा वडील आद्याक्षरांत, मग नाव. एच. डी. देवेगौडा म्हणजे हरदनहळ्ळी दोड्डेगौडा देवेगौडा. बंगळूरच्या तऱ्हेने बनलेल्या फॉर्ममध्ये खानापूरच्या पाटलाचं आडनाव 'पी' होऊन शेवटी लटकतं. मग प्रतिज्ञापत्र, वकिलाची फी, तहसीलदार कचेरीच्या खेपा. वारसा नोंद अडते, पीक कर्ज अडतं. लग्नात जिचं पहिलं नावही बदललं, तिचे हाल तर विचारायलाच नको.

या तक्रारीत एक गोष्ट आपल्या बाजूने मान्य केली पाहिजे. कन्नड लिपी मराठी नावाला रोमनपेक्षा जास्त न्याय देते. तिच्यात ळ आहे, ण आहे. बाळू कन्नडमध्ये बाळूच राहतो, रोमनमध्ये गेला की बालू होतो. आणि कन्नडमधले ऱ्हस्व ए, ऱ्हस्व ओ आपल्या देवनागरीत नीट लिहिता येत नाहीत. म्हणजे कन्नड माणसाचं नाव महाराष्ट्रात लिहिलं जातं तेव्हा तेही बिघडतंच. म्हणून कन्नड लिपीशी आपलं भांडण असायचं कारण नाही. मागणी एवढीच आहे की कन्नडच्या शेजारी देवनागरीही असावी, आणि छापण्याआधी नाव ज्याचं त्याला दाखवावं.

ही मागणी हवेतली नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात मान्य झालेली व्यवस्था सांगते की ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही द्यावेत. बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषक त्या मर्यादेच्या वर आहेत, बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत तर कितीतरी वर. सूचना मराठीत देण्याचा मुद्दा मान्य होऊ शकतो, तर ज्याच्यासाठी ती सूचना आहे त्याचं नाव मराठीत का नको? फ्रान्ससारख्या एकभाषेच्या आग्रही देशातही २०१७ मध्ये एका बाळाच्या ब्रेटन (ब्रिटनी प्रांताच्या भाषेतल्या) नावातल्या न वरच्या छोट्याशा नागमोडी खुणेसाठी आईवडील कोर्टात गेले, आणि २०१८ मध्ये रेनच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. देशाच्या एकतेला त्या खुणेने धक्का बसला नाही.

कन्नड संघटनांची शंका मला ठाऊक आहे. दाखल्यावर देवनागरी आली की उद्या तोच कागद सीमेच्या दाव्यात पुरावा म्हणून येईल. शंका निराधार म्हणून उडवून लावण्यासारखी नाही, कारण सत्तर वर्षं दोन्ही बाजूंनी प्रत्येक गोष्टीचा पुरावाच केला आहे. तिचं उत्तर महाराष्ट्राकडे आहे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इथे कन्नड बोलणारी हजारो कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांचं नाव जन्मदाखल्यावर कन्नड लिपीतही छापायला महाराष्ट्राने सुरुवात करावी, कुणी मागण्याआधी. मराठी माणसाने बेळगावसाठी जे मागायचं, ते जतच्या कन्नड माणसासाठी आधी मागितलं, तर बंगळूरला नाही म्हणणं अवघड जाईल. २०१४ च्या नोव्हेंबरपासून शहराचं नाव बेळगाव की बेळगावी यावर आपण जेवढी शक्ती घातली, तिच्या पावपट शक्ती माणसांच्या नावांसाठी घातली असती तर कितीतरी घरांचे हेलपाटे वाचले असते.

आणि हे आत्ताच करायला हवं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा आधार जन्मदाखलाच आहे. त्यावर जे नाव चढलं ते मुलाला जन्मभर पुरणार. जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. तेव्हा दवाखान्यातून निघायच्या गडबडीत कुणीतरी सांगितलं तसं नाव लिहून घेऊ नका. बारसं होऊ द्या, नाव ठरू द्या, मग कागदावर मोठ्या अक्षरात कन्नड, देवनागरी आणि रोमन तिन्ही लिप्यांत लिहून खिडकीवर न्या. गावातल्या मराठी आणि कन्नड शाळांच्या गुरुजींनी आणि बाईंनी या कामात आईबापांना मदत करावी, दोन्ही लिप्या येणारी माणसं तीच आहेत. दोन्ही राज्यांच्या नोंदणी खात्यांनी आपल्या नमुन्यात आणखी एक ओळ वाढवावी. एवढं करायला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमाखटल्याच्या निकालाची वाट पाहायची काहीच गरज नाही.